टाकी भरली मां? त्यासाठी बोर्ड कोणता?

पत्र : देवगड तालुक्यातल्या एका गावात राहतो. एस.टी.च्या डेपोत ३१ वर्षं इलेक्ट्रिशियन होतो, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. गाडीचं चोवीस व्होल्टचं वायरिंग डोळे मिटून करीन, पण कॉम्प्युटरशी संबंध पगाराच्या चिठ्ठीपुरता. आमची विहीर खाली वाडीत आणि टाकी घराच्या स्लॅबवर. मध्ये तीनशे फुटांचं अंतर आणि उतार. पंप लावायला मी खाली जातो, टाकी भरली की बायको वरून हाक मारते. हल्ली मला नीट ऐकू येत नाही. पाणी वाहून जातं, मग भांडण. दुसरं, मे महिन्यात आंब्याच्या अढीचं तापमान बघायचंय. तिसरं, नात सातवीत आहे, सुट्टीत येते, तिलाही यात गोडी लागावी. पुण्याचा भाचा म्हणतो, रास्पबेरी पाय घ्या, एकदाच काय ते चांगलं घ्या. दुकानदार म्हणतो, ओरिजिनल आर्डुइनो घ्या. व्हिडिओत सगळे ईएसपी-३२ म्हणतात. दोन हजारांपर्यंत खर्चायची तयारी आहे. नेमकं काय घेऊ? शेजारी विचारतो, 'कित्याक ह्यो उपद्व्याप?' त्यालाही काहीतरी सांगा.

उत्तर :

काका, नमस्कार.

घोळ न घालता आधी यादी सांगते. एक आर्डुइनो नॅनो आणि दोन ईएसपी-३२ घ्या. तिन्ही साधे, क्लोन (म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेले तसेच बोर्ड) चालतील. रास्पबेरी पाय सध्या नको. आता कारणं सांगते, कारण तुमच्यासारख्या माणसाला कारण कळल्याशिवाय वायर जोडवणार नाही.

भाच्यापासून सुरुवात करू. त्याचा हेतू चांगला आहे, पण तो पुण्यात बसून बोलतोय. रास्पबेरी पाय हा पूर्ण संगणक आहे. २०१२ साली केंब्रिजहून आला, शाळेतल्या मुलांना स्वस्तात संगणक मिळावा म्हणून. त्यावर लिनक्स चालतं, पडदा जोडता येतो, कॅमेरा लावता येतो. त्याचं सगळं चंबूगबाळं मात्र एका मेमरी कार्डावर असतं. त्या कार्डावर लिहिणं चालू असताना लाईट गेली, तर कार्ड बिघडू शकतं. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाईट कशी असते ते मी तुम्हाला सांगायला नको. माझ्या घरी पाऊस मोजायला म्हणून मी असाच एक छोटा संगणक मागच्या पडवीत बसवला होता. जुलैत दिवसाला चार-पाच वेळा लाईट जायची. तिसऱ्या आठवड्यात तो उठायचाच बंद झाला, आणि तीन आठवड्यांच्या नोंदी कार्डासोबत गेल्या. चूक माझीच. बॅटरीचा आधार न देता मी त्याला आपल्या पावसाळ्यात उभा केला होता.

तुम्हाला लागतो तो मायक्रोकंट्रोलर. तुमच्या भाषेत सांगायचं तर गाडीच्या वायपरची मोटर. तिला एकच काम ठाऊक असतं. स्विच दिला की सुरू, काढला की बंद, परत दिला की जणू मध्ये काही झालंच नाही. मायक्रोकंट्रोलरमध्ये तुम्ही एक प्रोग्राम भरता, तो चिपमध्ये किंवा तिच्या शेजारच्या फ्लॅशमध्ये बसून राहतो. दिवसातून वीस वेळा लाईट गेली-आली तरी दर वेळी पहिल्या ओळीपासून तोच प्रोग्राम चालू होतो. मागचं काही लक्षात ठेवायचं नसेल, आणि टाकी भरली की नाही एवढंच बघायला ते ठेवायचंही नसतं, तर याहून चिवट काही नाही.

इथे नावाचा एक गोंधळ आहे, तो भाच्याशी बोलताना लक्षात ठेवा. रास्पबेरी पाय पिको नावाचा बोर्ड २०२१ च्या जानेवारीत ४ डॉलरला आला. तो घराण्याने पाय, पण जातीने मायक्रोकंट्रोलर आहे. लिनक्स नाही, कार्ड नाही. चांगला बोर्ड आहे. पुढच्या वर्षी वाय-फायवाल्या पिको डब्ल्यूचा विचार करू, तेही नातीसाठी. का ते खाली येईल.

आता दुकानदार. आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्ह्रेया गावात जन्मला, डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. त्याचा नकाशा सुरुवातीपासून सगळ्यांना खुला आहे, त्यामुळे तसाच बोर्ड दुसऱ्याने बनवला तर ती चोरी नव्हे. त्यावर आर्डुइनोचं नाव नि खूण छापली तर ती मात्र लबाडी. ओरिजिनल घेतलात तर ज्यांनी हे सगळं उभं केलं त्यांना पैसे जातात, ही चांगलीच गोष्ट. पण तुमच्या दोन हजारांतले बरेचसे त्या एकाच बोर्डात जातील. क्लोन नॅनो अडीचशे-तीनशेच्या आसपास मिळतो. पहिल्या महिन्यात एखादा बोर्ड जळणार, हे मी लिहून देते. तो स्वस्तातला असावा.

नॅनोच्या पोटात एटीमेगा ३२८पी चिप असते. १६ मेगाहर्ट्झ, प्रोग्रामला ३२ किलोबाइट, चालू कामाला फक्त २ किलोबाइट मेमरी. आजच्या फोनच्या मानाने हा आकडा हास्यास्पद आहे. अढीतली दोन तापमानं वाचून छोट्या पडद्यावर दाखवायला तो पुरून उरतो. शिवाय नॅनो ५ व्होल्टवर चालतो, म्हणून बाजारातले जुने, स्वस्त सेन्सर त्याला जसेच्या तसे लागतात.

क्लोन नॅनो घेताना तीन ठिकाणी माणसं अडकतात. तिन्ही ठिकाणी मी अडकलेय. पहिलं म्हणजे केबल. घरात पडलेल्या बऱ्याच यूएसबी केबलमध्ये फक्त चार्जिंगच्या दोन तारा असतात, माहिती न्यायच्या तारा नसतातच. बोर्डावरचा दिवा लागतो आणि कॉम्प्युटरला मात्र बोर्ड दिसत नाही. ज्या केबलने फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर जातात तिच्यावर खूण करून ठेवा. नॅनोचं सॉकेट वेगळ्या आकाराचं असेल तर त्याची केबल बोर्डाबरोबरच मागा. दुसरं, क्लोनवर यूएसबीसाठी सीएच३४० नावाची चिप असते. विंडोज जुनं असेल तर तिचा ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो. तिसरं, प्रोग्राम चढवताना शेवटी चूक दाखवली, तर आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरच्या यादीत 'ओल्ड बूटलोडर' निवडा. दहापैकी सात वेळा तिथेच सुटतं. (दहापैकी सात हा माझ्या टेबलावरचा अंदाज आहे, संशोधन नाही.)

आता व्हिडिओवाले. ईएसपी-३२ ही शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची चिप, २०१६ पासून बाजारात आहे. दोन कोअर, २४० मेगाहर्ट्झ, आणि वाय-फाय नि ब्लूटूथ अंगचंच. साधा बोर्ड साडेतीनशे ते पाचशेत. तिची धाकटी बहीण ईएसपी-८२६६ आणखी स्वस्त आहे, तिच्या नोडएमसीयू बोर्डांवर अर्ध्या देशाने शिकून घेतलं. पण तिला मोकळ्या पिना कमी आणि अॅनालॉग इनपुट एकच. शंभर-दीडशे रुपये वाचवायला तिच्याकडे जाऊ नका.

ईएसपी-३२ ३.३ व्होल्टची आहे, हे बोर्डाच्या डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. बारा व्होल्टचा बल्ब चोवीसच्या गाडीत लावला तर काय होतं ते तुम्ही कितीदा पाहिलं असेल. इथे तेच होतं, फक्त उजेड न पडता. बोर्डाला यूएसबीतून ५ व्होल्ट देता येतात, कारण आत रेग्युलेटर आहे. पण पिनांना ३.३ च्या वर काही लागता कामा नये. ५ व्होल्ट परत पाठवणारा सेन्सर असेल तर मध्ये दोन रेझिस्टर घालून वाटणी करा. १ किलोओहम आणि २ किलोओहम घेतले की पाचाचे सव्वातीनच्या जरा वर होतात.

दोन ईएसपी-३२ कशाला, तर तुमच्या तीनशे फुटांसाठी. तुमचं घर चिऱ्याचं असणार, असं धरून चालते. चिऱ्याच्या जाड भिंतीतून घरातल्या राउटरचं वाय-फाय अंगणापर्यंत आलं तरी मिळवलं. विहिरीवर ते पोचणार नाही. पण या बोर्डांना राउटर लागतोच असं नाही. ईएसपी-नाऊ नावाची सोय आहे. एक बोर्ड दुसऱ्याला थेट छोटा निरोप पाठवतो, मूळ आवृत्तीत जास्तीत जास्त २५० बाइटचा. तुमचा निरोप एका अक्षराचा आहे. एक बोर्ड स्लॅबवर, एक पंपघरात. नव्वद मीटर, मध्ये भिंत नसेल तर जमण्यासारखं अंतर आहे.

'मध्ये भिंत नसेल तर' यावर जरा थांबा. मध्ये माड आहेत, पोफळी आहेत, आणि पावसाळ्यात ओली पानं ह्या लहरी पितात. म्हणून खिळे ठोकण्याआधी चाचणी घ्या. एक बोर्ड स्लॅबवर चालू ठेवा, दुसरा पॉवर बँकेला लावून हातात घ्या आणि वाडीत उतरा. निरोप आला की दिवा लुकलुकेल एवढाच प्रोग्राम. दिवा कुठे चुकायला लागतो ते बघा. मे महिन्यात पास झालं तरी जूनच्या पहिल्या झडीत परत एकदा फिरा, छत्री घेऊन. कमी पडलं तर बाहेरचा अँटेना लावायची सोय असलेला ईएसपी-३२ मिळतो, त्याच्या मॉड्यूलच्या, म्हणजे बोर्डावरच्या पत्र्याच्या छोट्या डबीच्या, नावात शेवटी 'यू' असतं. विहीर अर्ध्या किलोमीटरवर असती तर मी लोरा, म्हणजे लांब पल्ल्याचं बिनतारी तंत्र, सांगितलं असतं. त्याला आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना खुला आहे. तुम्हाला एवढ्यात गरज नाही.

तुम्ही म्हणाल, मी वायरमन माणूस, तीनशे फूट केबल टाकतो की, काय मोठंसं. टाकू नका. वळवाच्या पावसात नि हस्तात आपल्याकडे विजा कशा कडाडतात. वाडीतून गेलेली लांब तांब्याची तार म्हणजे त्या विजेला पसरलेलं जाळं. ती वीज तारेवर पडायलाच हवी असं नाही, जवळपास पडली तरी तारेत इतका झटका उतरतो की दोन्ही टोकांचे बोर्ड जातात. बिनतारी ठेवलं तर निदान ते एक दार बंद होतं. दुसरं दार म्हणजे लाईटची लाइन. गडगडाट सुरू झाला की चार्जर भिंतीतून काढायचा, हे टीव्हीसारखंच.

आणि एक. पंपघरातला बोर्ड स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवाल, मला खात्री आहे, कारण जागा तीच आहे. पत्र्याच्या पेटीतून लहर बाहेर येत नाही. प्लास्टिकचा डबा हवा, आणि स्टार्टरपासून हातभर लांब.

टाकीत काय लावायचं? व्हिडिओत अल्ट्रासॉनिक सेन्सर दाखवतात, दोन डोळ्यांचा, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून पाण्याची पातळी मोजणारा. बघायला मजा येते. टाकीच्या झाकणाखाली रोज वाफ धरते, आणि ते उघडे डोळे एका पावसाळ्यात आंधळे होतात. त्याचा पाणी न शिरणारा भाऊ मिळतो, पण साधारण वीस सेंटिमीटरच्या आतलं त्याला दिसत नाही, म्हणजे टाकी काठोकाठ येते तेव्हाच तो गोंधळतो. तुम्हाला किती लिटर पाणी आहे याचा हिशेब नकोय. भरली की नाही एवढंच हवंय. साधा फ्लोट स्विच घ्या, प्लास्टिकचा, आत चुंबक आणि रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा) असलेला. शंभराच्या आत येतो.

तो जोडताना तुमची डेपोतली अक्कल वापरा. टाकी रिकामी असताना स्विच बंद, म्हणजे सर्किट जुळलेलं, आणि पाणी वर आलं की उघडा, अशी जोडणी करा. बहुतेक फ्लोटचा तरंगता भाग काढून उलटा घातला की त्याची चाल उलटी होते. असं केलं की उंदराने वायर कुरतडली, सांधा गंजला, काहीही तुटलं, तरी खाली 'भरली' असंच दिसतं. तुम्ही पंप बंद कराल आणि वर बघायला जाल. उलट जोडणी केली तर तुटलेली वायर 'अजून रिकामी' सांगत बसेल आणि पाणी परत वाहील. प्रोग्राममध्येही तसंच लिहा. वरचा बोर्ड दर दोन सेकंदांनी निरोप पाठवतो. दहा सेकंद निरोप आला नाही, तर खालच्याने गप्प न बसता दिवा उघडझाप करायचा. स्विचसाठी ईएसपी-३२ च्या २५, २६, २७, ३२, ३३ यांपैकी पिन निवडा. ३४ ते ३९ फक्त इनपुटच्या आहेत आणि त्यांना आतला पुलअप, म्हणजे स्विच उघडा असताना पिन वर धरून ठेवणारा रेझिस्टर, नाही. ६ ते ११ ला हात लावू नका, त्या फ्लॅशकडे गेलेल्या असतात.

खाली बझर लावू नका. तुम्हीच लिहिलंय की ऐकू कमी येतं. पंपघरात डोळ्यांसमोर लाल दिवा लावा. रिलेवर (छोट्या इशाऱ्याने मोठा करंट जोडणाऱ्या स्विचवर) मोठा बल्ब लावायचा असेल तर दुकानात ३.३ व्होल्टच्या इशाऱ्यावर चालणारा रिले मागा, नाहीतर ५ व्होल्टवाला कधी कधी चिकटून बसतो.

पहिलं वर्षभर पंप बोर्डाने बंद करायचा नाही. तुम्हीच करायचा. त्या निळ्या रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असतं. मोटर सुरू होताना ओढते तो करंट तिच्या नेहमीच्या करंटच्या कितीतरी पट असतो, ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. पुढेमागे स्वयंचलित करावंसं वाटलं तर रिलेने काँटॅक्टरची (मोटरसाठीच्या दणकट रिलेची) कॉइल तेवढी चालवायची, मोटरचा भार काँटॅक्टरने घ्यायचा, आणि लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवाच. विहिरीकाठी अंग ओलं असतं.

इथपर्यंत बोर्ड झाले. खरं सांगू का, आपल्या किनाऱ्यावर बोर्ड सहसा स्वतःहून मरत नाहीत. त्यांना खारा वारा मारतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या छंदाच्या वस्तूंमध्ये चिप गेलेली क्वचित असते. पिनांवर हिरवा कीट चढलेला, ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता वायरी खोचायच्या भोकाभोकांच्या पाटीच्या) आतल्या पट्ट्या काळ्या पडलेल्या, स्क्रू गंजलेला, हेच जास्त. पुण्यात ब्रेडबोर्डवर केलेलं सर्किट तीन वर्षं चालतं. देवगडला दिवाळीला ते वेडं व्हायला लागतं, आज चाललं, उद्या नाही. आणि माणसाला वाटतं प्रोग्राममध्येच चूक आहे. मी एकदा चार रात्री प्रोग्राम तपासत बसले होते. दोष एका जम्पर वायरच्या टोकाला होता.

म्हणून ब्रेडबोर्ड फक्त शिकण्यापुरता ठेवा. पक्कं काम झीरो पीसीबीवर (भोकं पाडलेल्या कोऱ्या पाटीवर) सोल्डर करून करा. बोर्डासाठी बर्ग स्ट्रिपचं (पिना खोचायच्या पट्टीचं) सॉकेट लावा, म्हणजे बिघडला तर उपटून दुसरा खोचता येईल, आणि दर मे महिन्यात एकदा काढून-घालून पिना घासल्या जातील. सोल्डरनंतर फ्लक्स पुसून काढा, मग पीसीबीवर मारायच्या लॅकरचा पातळ थर द्या. सॉकेटवर, यूएसबीच्या तोंडात आणि ईएसपीच्या टोकाला जी नागमोडी रेघांची अँटेना असते तिच्यावर लॅकर नको, तिथे कागदी टेप चिकटवून मग फवारा. डबा पाऊस-धूळ न शिरणारा, आयपी ६५ लिहिलेला. वायरी खालच्या बाजूने आत घ्या आणि डब्यात शिरण्याआधी त्यांना झोळ द्या, म्हणजे थेंब तिथून गळून जाईल. औषधाच्या बाटलीतल्या सिलिका जेलच्या पुड्या दोन-तीन आत टाका. मुंग्यांसाठी वायरीच्या भोकात सिलिकॉन भरा. उबदार रिले ही मुंग्यांची आवडती जागा, एकदा उघडला तर आत अंड्यांसकट अख्खा संसार निघाला होता. स्लॅबवरचा डबा टाकीच्या सावलीत, उत्तरेच्या बाजूला.

पुरवठा. ईएसपी-३२ निरोप पाठवताना क्षणभर चार-पाचशे मिलिअँपिअरपर्यंत झेप घेते. पातळ केबल आणि मरतुकडा चार्जर असेल तर व्होल्टेज बसतं आणि बोर्ड परत परत सुरू होतो. कॉम्प्युटरवर 'ब्राउनआउट' असा शब्द दिसला की समजा. फोनबरोबर आलेला जुना चांगला चार्जर वापरा, आणि बोर्डाच्या ५ व्होल्ट नि ग्राउंडमध्ये ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. बॅटरीच्या भानगडीत पडू नका. लाईट नसेल तर पंपही चालणार नाही, मग दिव्याला बॅटरी कशाला? पुढे कधी लागलीच, तर ९९०० एमएएच छापलेले गोल सेल घेऊ नका. त्या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास मावतं. बाकीची शाई.

अढीचं काम त्या मानाने सोपं, आणि खरं म्हणजे सुरुवात तिथूनच करा. अढीला इंटरनेट लागत नाही. नॅनो, दोन ओळींचा छोटा पडदा, आणि डीएस१८बी२० नावाचे दोन तापमान सेन्सर, स्टीलच्या नळीतले, मीटरभर वायरवाले. प्रत्येकाचा आपला क्रमांक असतो, त्यामुळे दोघेही एकाच तारेवर बसतात. त्या तारेला ५ व्होल्टकडे ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर लागतो, तो विसरलात तर काहीच वाचलं जात नाही. एक नळी पेंढ्याच्या मधल्या थरात, एक बाहेर खोलीत. आकडा महत्त्वाचा नाही, दोघांमधला फरक बघा. पिकताना फळ स्वतःच ऊब धरतं, तो फरक वाढायला लागला की तुम्ही आजवर हात घालून जे ओळखत होता तेच पडद्यावर दिसेल. पहिल्या मोसमात हात घालायचं सोडू नका, हात आणि आकडा दोन्ही वहीत लिहा. आणि पडद्यावर एकदम ८५ दिसलं तर आंबे शिजले असं समजू नका. सेन्सर नुकताच जागा होऊन मोजायच्या आधी तेच सांगतो. उणे १२७ दिसलं तर वायर सुटली. हे सेन्सर नकली फार येतात. आल्यावर दोन्ही एकाच भांड्यातल्या पाण्यात बुडवा. अर्ध्या अंशाचा फरक चालेल, तीन अंशांचा असेल तर परत करा.

नातीसाठी वेगळं काही घेऊ नका, नॅनोच द्या. ती येण्याआधी वोक्वी नावाची साइट बघून ठेवा. तिथे पडद्यावरच आर्डुइनो, ईएसपी-३२, पिको जोडून चालवता येतात, फुकट, आणि काही जळत नाही. बोर्ड हातात यायच्या आधी तुमचीही निम्मी भीती तिथे जाईल. सातवीतल्या मुलीला आर्डुइनोतले अर्धविराम आणि महिरपी कंस कदाचित छळतील. तसं झालं तर मग तो पिको डब्ल्यू. त्यावर मायक्रोपायथन चालतं, एक ओळ लिहिली की लगेच उत्तर येतं, मुलं टिकून राहतात. पण आधी तिला तुमच्या वाडीतलं काम करू द्या. आजोबा चाचणीसाठी वाडीत फिरताहेत आणि ती स्लॅबवर बसून दिवा बघते आहे, हे शिकवणीच्या कुठल्याही किटमध्ये मिळत नाही.

पैशांचा मेळ घालू. नॅनो अडीचशे, दोन ईएसपी-३२ आठ-नऊशे, तापमान सेन्सर दोन मिळून दोनशे, पडदा दीडशे-दोनशे, फ्लोट शंभराच्या आत, दोन डबे अडीचशे. झीरो पीसीबी, बर्ग स्ट्रिप, रेझिस्टर-कपॅसिटर शंभरात. दोन हजारांच्या आतबाहेर बसतं, चार्जर घरचे धरून. भाव वर-खाली होत असतात, शे-दोनशे हाताशी ठेवा. सोल्डरिंग आयर्न तुमच्याकडे आहेच, म्हणून पिना न लावलेला नॅनो मागा, थोडा स्वस्त पडतो. मुंबईला कोणी जाणारं असेल तर लॅमिंग्टन रोड. नाहीतर भाच्यालाच कामाला लावा. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत त्याला हे सगळं अर्ध्या तासात मिळेल, आणि रास्पबेरी पाय का नको यावर तुमच्याशी वाद घालायला वेळही उरणार नाही.

राहता राहिला शेजारी. त्याला सांगा, उपद्व्याप झाला की त्याच्याही टाकीवर बसवून देऊ. त्याची टाकी रात्री वाहते की नाही ते तुम्हाला ठाऊक असेलच.

काकींना एक निरोप. दिवा लागायला लागला तरी पहिला महिनाभर हाक मारायचं थांबवू नका. दिवा आणि हाक जुळतात का, ते काकांना वहीत लिहायचं आहे.